मागच्या दारानं आलेला बर्फ

“हात नोको लावू माह्या पायाले! सरक... सरक म्हणते ना!”

जिजाबाईंचा आवाज असा काही कडाडला की स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या त्यांच्या नवऱ्याच्या, नत्थूजींच्या हातातली गाळणी कपातच पडली... आणि पलंगाशी खाली बसलेली त्यांची सून, माया, एका हातात बर्फाची पिशवी अन् दुसऱ्या हातात ओला पंचा धरून जागच्या जागी खिळली.

सासूच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, टाक्यांच्या रेषेपासून दोन बोटं सोडून, रुपयाएवढा फोड आला होता. पाण्यानं टच्च भरलेला! दिवसातून पाच वेळा माया तो गुडघा बघायची. त्या पायावरचा तीळ न् तीळ तिला पाठ झाला होता. काल रात्री तो फोड नव्हता... शपथेवर नव्हता!

“पाह्य गा सौरव, पाह्य तुह्या बायकोचं काम!” जिजाबाईंनी मुलाला हाक मारली. “मी रोज बोंबलून राहिली, हे थंडं नोको, हे थंडं नोको... ऐकते कोण? बर्फवाल्याची पोर आणली घरात, अन् तिनं बर्फानंच जाळलं मले!”

बर्फवाल्याची पोर! लग्नाला सहा वर्षं झाली, पण जिजाबाईंच्या तोंडी हा शब्द काही शिळा होत नव्हता. भाजीत मीठ जास्त पडलं तरी बर्फवाल्याची पोर, आणि दाराशी पाहुणा आला तरी “हे आमची सून, बर्फवाल्याची पोर”. मायानं तो शब्द इतक्यांदा गिळला होता की आता गिळताना घशालाही कळू नये. पण आज तिचं त्या शब्दाकडे लक्षच नव्हतं. तिची नजर चादरीवर गेली होती... चादरीच्या सुरकुतीत, पलंगाच्या कडेला, वाळूचे सात-आठ कण पडले होते.

वाळू? या घरात? आणि मग तिला आठवलं. काल संध्याकाळी दुकानातून आल्यावर तिनं तव्याला हात लावला, तर तो कोमट होता. पोळ्या तर सकाळीच लाटून झाल्या होत्या!

तिनं मान वर केली. दारात नत्थूजी उभे होते. सत्तरीचा तो माणूस, हातात चहाचा कप. सुनेची नजर आपल्यावर आली हे कळताच त्यांनी मान खाली घातली. मायाला सगळं समजलं.

आता जिजाबाईंचंही ऐकून घ्या, नाही तर म्हणाल बाईच वाईट! दहा वर्षं त्या गुडघ्यानं त्यांना रडवलं होतं. पाय धनुकलीसारखा वाकला, देवळाच्या तीन पायऱ्या चढवेनात, तेव्हा कुठं मुलाच्या हट्टापायी ऑपरेशनला तयार झाल्या. आणि तेही भर मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात! ऑपरेशन उत्तम झालं. नवा गुडघा बसला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी बजावल्या होत्या, चालायचं, पाय वाकवायचा आणि दिवसातून चार-पाच वेळा थंड शेक द्यायचा, म्हणजे सूज उतरेल, दुखणं कमी होईल, पाय वाकेल.

“थंडा शेक!” जिजाबाई दवाखान्याच्या दारातच म्हणाल्या होत्या. “शेक कधी थंडा असते का वं?”

बरोबरच होतं त्यांचं, त्यांच्या जागी. दोन बाळंतपणं त्यांनी बाजेखाली शेगडी ठेवून काढली होती. कापलेल्या, फाटलेल्या अंगाला ऊब द्यायची, वारासुद्धा लागू द्यायचा नाही, थंडी शिरली की वात धरतो, हे त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. आणि इथं तर सून सकाळ-संध्याकाळ बर्फ घेऊन उभी! माया दुपारी बारा ते पाच इतवारीतल्या साडीच्या दुकानात कामाला जायची. तेवढ्यात तीनचा बर्फ नत्थूजींनी ठेवायचा, असं ठरलं होतं. तिची पाठ फिरली की घरात काय घडत असेल, हे आता चादरीवरचे ते कण सांगत होते.

त्याच दिवशी दहा वाजता सगळे दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी फोड पाहिला, चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“मला हे बर्फाचं वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशननंतर इथली कातडी काही महिने बधिर असते. चटका बसला तरी पेशंटला कळत नाही. घरात कोणी गरम शेक दिला का?”

जिजाबाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की नत्थूजींचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. ते खांद्यावरचा दुपट्टा बोटांना गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते... सौरव एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होता. त्याचा राग कसा ते मायाला माहीत होतं. एकदा भडकला की बाप बघत नाही, बायको बघत नाही. आणि बोललेलं मागे घेणं तर त्याला जन्मात जमलं नव्हतं. म्हाताऱ्याला त्यानं इथं, चारचौघांत, बोल लावले असते, आणि हा माणूस त्यातून पुन्हा उभा राहिला नसता.

“नाही मॅडम,” माया म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “माह्याच हातून झालं. काल घाईत होती. फडकं न लावताच पिशवी ठेवली, अन् विसरली.”

“विसरलात?” डॉक्टरीणबाई संतापल्या. “अहो, मी बजावून सांगितलं होतं! कापड ठेवल्याशिवाय बर्फ नाही, पंधरा मिनिटांच्या वर नाही! आणि पाय बघा किती सुजलाय, सत्तर अंशांच्या पुढे वाकत नाही. येत्या काही आठवड्यांत नव्वदपर्यंत वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. ऐकताय ना?”

पुन्हा भूल! जिजाबाईंनी पलंगाची दांडी घट्ट धरली. ऑपरेशनच्या खोलीत जाताना त्या लहान पोरीसारख्या रडल्या होत्या...

बाहेर आल्यावर सौरव एकच वाक्य बोलला. रिक्षात बसता बसता, बायकोकडे न बघता.

“माह्या मायचा पाय हाय थो. तुह्या बापाच्या ठेल्यावरची लादी नाही.”

माया रिक्षाच्या कडेला अंग चोरून बसली. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. रडू मात्र येईना. ती पदराचं टोक पिळत राहिली. आळ आला म्हणून नव्हे हो! आळ तर तिनं आपल्या हातानं ओढून घेतला होता. पण खोटं बोलली ती नेमकी कशाबद्दल?... ज्या एका गोष्टीवर तिच्या बापानं आयुष्य काढलं, त्याबद्दल!

गोविंदा, तिचे बाबा, चाळीस वर्षं इतवारीत बर्फ विकत होते. लाकडाच्या भुशात, गोणपाटाखाली लादी दुपारभर कशी टिकवायची, टोचा कुठं मारला की लादी सरळ फुटते, हे त्यांच्या बोटांना माहीत. आणि त्या बोटांच्या टोकांना आता काहीच कळत नसे; बर्फानं खाऊन टाकलं होतं. म्हणूनच माया सहा वर्षांची असताना त्यांनी तिला पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, की उघडा बर्फ अंगाला लावायचा नाही. बारीक चुरा करायचा, पिशवीत थोडं पाणी घालायचं, हवा काढून टाकायची, मग ती पिशवी अंगाच्या आकारावर बसते. मध्ये ओलं फडकं. आणि कातडी लाल दिसली की उचलायची. सासूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मायाला वेडा आनंद झाला होता. वाटलं, आपल्या बापाचं ज्ञान आता तरी या घरात कोणाच्या कामी येईल... आणि आज तिनंच त्या ज्ञानाला काळं फासलं.

पण नत्थूजींसाठी ती याहूनही अवघड काही बोलली असती.

मायाचं लग्न मुलाकडे होतं, नंदनवनातल्या याच घरासमोर मांडव. तेही मे महिन्यातलं. वऱ्हाड्यांना गार पाणी पाहिजे म्हणून मुलीचा बाप पहाटेच स्वतः लाद्या घेऊन आला. दुसऱ्याच्या बर्फावर त्याचा भरवसा नव्हता. नवा कोरा सदरा, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली लादी, चेहऱ्यावर केवढं ते समाधान! आणि समोरच्या दारात जिजाबाई उभ्या. ओळखत होत्या, चांगल्या ओळखत होत्या. तरी म्हणाल्या, “बर्फवाले मागून येतात.”

गोविंदा हसले, मान हलवली आणि मागे गेले. हळदीच्या अंगानं माया खिडकीतून बघत होती. तेवढ्यात मागच्या अंगणात नत्थूजी धावत आले. अंगात रेशमी कुर्ता, डोक्याला फेटा. “इवाईबुवा, एकट्याचं काम हाय का हे?” म्हणत त्यांनी लादीचं दुसरं टोक धरलं. कुर्ता छातीपासून खाली चिंब झाला. जिजाबाई दिवसभर त्यांच्यावर करवादत होत्या, आणि ते त्याच ओल्या कुर्त्यात व्याह्याच्या शेजारी पंगतीला बसले.

तेव्हापासून गोविंदा या घरी आले की मागच्या दारानंच येत. दिवाळीला आले तरी मागून, लेक आजारी पडली तरी मागून. “मले तिकूनच सांगितलं हाय बेटा,” एवढंच म्हणत. राग नाही, रुसवा नाही. पण पुढच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नाही तो नाहीच.

आता सांगा, त्या ओल्या कुर्त्याच्या माणसाला माया उघडं पाडणार होती?

दुसऱ्या दिवशी उमरेडहून पहिल्या एसटीनं नणंद आली. जया. माया पलंगाकडे वळली की ती मध्ये उभी राहायची. “राहू दे वहिनी, मी करते.” बोलणं गोड, पण पंचा हातातून काढून घेतला. जयाला बर्फाची आधीच धास्ती. दवाखान्यानं दिलेली जेलची थैली ती दोन मिनिटं ठेवायची, आई कण्हली की उचलायची. माया दुकानातून रजा घेऊन घरी, पण घरात तिला कामच नाही! ती भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. अंगणात जायची, आत यायची. घड्याळात तीन वाजले की तिचे हात आपोआप फ्रीजकडे जायचे आणि तिथंच थांबायचे. पलीकडून जिजाबाईंचं कण्हणं ऐकू यायचं... आणि नत्थूजी! ते तर जेवतही नव्हते. मायासमोर यायचे, “सुनबाई...” म्हणायचे आणि पुढचं न बोलताच वळायचे. गरम वाळूची पोटली मात्र बंद झाली होती, एवढं तिनं पाहिलं.

आणि मग गल्लीतला डीपी जळाला.

पहिला दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. लाईट नाही. कूलर बंद, पंखा बंद, फ्रीजमध्ये पाणीच पाणी. दुपारपर्यंत जेलची थैली अशी कढत झाली की तिनंच शेक बसावा. जिजाबाईंचा गुडघा कोहळ्यासारखा सुजला, कातडी ताणून चकाकायला लागली. “मेली वं माय... कोणी काही करा ना वं...” त्या उशीवर डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे घासत होत्या. जया पुठ्ठ्यानं वारा घालता घालता रडायला लागली. सौरव गाडी काढून बर्फ शोधायला गेला आणि एका डब्यात अर्धं पाणी, अर्धा चुरा घेऊन आला. दहा मिनिटांत त्याचंही पाणी झालं.

मायानं कोणाला विचारलं नाही. मागच्या अंगणात जाऊन तिनं फोन लावला.

“बाबा, लादी आणा... अर्धी आणा, पण आत्ता या.”

पाऊण तासानं मागचं फाटक वाजलं. सायकल रिक्षावर भुसा, भुशावर गोणपाट, आणि गोणपाटाखाली अर्धी लादी, कड न झिजलेली! गोविंदा घामानं न्हाले होते. त्यांनी चपला मागच्या पायरीखाली काढल्या, लादीला हात घातला... आणि घरातून नत्थूजी अनवाणी धावत आले. त्यांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी लादी अंगणात टेकवली. पण नत्थूजी सरळ झालेच नाहीत. लादीवर दोन्ही हात तसेच ठेवून ते हुंदके देऊन रडायला लागले.

“मामाजी... हात उचला, हात जळतील!” माया पुढे झाली.

“जळू दे! वाळू म्या तापवली ना सुनबाई... याच हातानं तापवली!” त्यांचा आवाज पार आतल्या खोलीपर्यंत गेला. “चार दिवस वाळूचा शेक दिला तिले. तुह्या नावावर घेतलं तू, अन् मी चूप राह्यलो. तुह्या बापाच्या तोंडाकडे पाहू कसा आता, सांग मले!”

सौरव दारात येऊन थबकला. त्याच्या मागे जया. आतून जिजाबाईंचं कण्हणं एकाएकी थांबलं होतं.

“बाबा... तुम्ही?” सौरवचा चेहरा लालबुंद झाला. “तुम्हाले काही अक्कल...”

“त्याईले बोलू नोको!” आतून आवाज आला. खणखणीत, पण फाटका. “म्या शपथ घातल्ती त्याईले. माही शपथ, कोणाले सांगानं तं माह्यं मेलेलं तोंड पाहानं, म्हणलं होतं म्या! सगळे इकडे या. मायाले पाठव आंधी.”

माया आत गेली. जिजाबाई कोपरांवर अर्ध्या उठल्या होत्या. केस चेहऱ्याला चिकटलेले, डोळे सुनेवर रोखलेले.

“तू फडकं लावल्याबिगर बर्फ कधीच ठेवला नाई,” त्या म्हणाल्या. “मी रोज पाहून राहिली होती ना. दवाखान्यात तू तसं बोलली, अन् मले तेव्हाच कळलं का पोरगी खोटं बोलून राहिली. वाळूचंच असन हे, असं मन म्हणे, पण तोंड उघडे ना वं माह्यं! लाज वाटली... मीच शहाणी, अन् माह्यीच चूक! चार दिवस डोळ्याले डोळा नाई लागला. काहून घेतलं वं अंगावर? मी काय दिलं तुले सहा वर्षं?”

मायाला आता मात्र आवरेना. “तुम्ही नाही आई... लग्नाच्या दिवशी माह्या बाबांच्या लादीचं दुसरं टोक मामाजींनी धरलं होतं.”

जिजाबाईंना कुठली लादी, कुठला दिवस, हे विचारावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं.

“ठेव,” त्या हळूच म्हणाल्या. “तुह्या बापानं आणला तो बर्फ ठेव.”

अंगणात टोच्याचे आवाज सुरू झाले, एका लयीत. गोविंदा चुरा करून पिशवी भरून देत होते, नत्थूजी ती आत आणत होते. मायानं ओलं फडकं अंथरलं, फोड आणि टाके सोडून पिशवी गुडघ्याभोवती बसवली. पंधरा मिनिटं ठेवून उचलली, तासाभरानं पुन्हा. दुसऱ्या खेपेला जिजाबाईंच्या तोंडून “अऽहाऽ” निघालं आणि जया रडता रडता हसली. तिसऱ्या खेपेनंतर मायानं टाचेखाली हात घालून पाय हळूहळू मागे सरकवला... वाकला! नव्वद नसेल, पण सकाळी हलवूही न देणारा तो पाय, वाकला! जिजाबाईंनी ओठ दाबले, पण सुनेचा खांदा काही सोडला नाही.

उन्हं उतरली. गोविंदांनी उरलेली लादी भुशात झाकली, सकाळपर्यंत कशी ठेवायची ते नत्थूजींना दाखवलं आणि मागच्या दाराच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

“येतो बेटा. उद्या आणखी आणतो.”

“थांबा!” आतून जिजाबाई म्हणाल्या. “माया, वॉकर दे.”

“आई, आत्ता नोको, सूज हाय...”

“दे म्हणलं ना!”

वॉकर टेकत, एकेक पाऊल मोजत, दातओठ खात जिजाबाई निघाल्या. ऑपरेशननंतर न्हाणीघराच्या पलीकडे त्या गेल्या नव्हत्या. माया एका बाजूनं, जया दुसऱ्या बाजूनं, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. बैठकीची खोली ओलांडली. पुढच्या दाराशी पोचल्या. वॉकरवरचा एक हात काढून त्यांनी स्वतः कडी काढली आणि दार सताड उघडलं. धाप लागली होती, घामाचे ओघळ वाहत होते.

“इवाईबुवा,” त्यांनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा! “इकून जा. अन् उद्या इकूनच या. माह्यं चुकलं... बहूत चुकलं.”

गोविंदा घरातून चालत पुढच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले. ते नुसतेच आपली ती बधिर बोटं एकमेकांवर घासत राहिले. “माह्या चपला मागं हायत, ईनबाई,” शेवटी ते म्हणाले, आणि परत वळायला निघाले.

पण सौरव तोवर मागे गेला होता. त्यानं पायरीखालच्या त्या झिजलेल्या, भुसा लागलेल्या चपला उचलल्या, आपल्या सदऱ्यानं पुसल्या, घरातून चालत आला, आणि खाली वाकून पुढच्या उंबऱ्याबाहेर सासऱ्याच्या पायांशी ठेवल्या.